दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन महिला वैमानिकांना माजी सैनिकाचा दर्जा नक्की कधी मिळाला?

नेहा_कोथरूड

नमस्कार. माझी मुलगी बारावीला आहे आणि एनडीएच्या लेखी परीक्षेची तयारी करते आहे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने ‘वास्प’ हा विषय घेतलाय. विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करासाठी विमानं चालवणाऱ्या बायका. वाचायला बसली तर गोंधळच. कुठे लिहिलंय की त्यांना १९७७ मध्ये मान्यता मिळाली, कुठे २००९, तर कुठे २०१६. यातलं खरं कोणतं?

आणि हा माझा प्रश्न. गणवेश होता, विमानं सरकारची, हुकूम लष्कराचे, बायका कामावर असताना मेल्यासुद्धा. मग सैनिक म्हणवून घ्यायला भांडावं का लागलं? नुसतं ‘त्या बायका होत्या म्हणून’ एवढंच उत्तर असेल तर पटत नाही, कारण त्याच युद्धात लष्करात आणि नौदलात बायका रीतसर भरती होत होत्या.

विमानवेडा

तिन्ही सालं बरोबर आहेत, गोष्टी वेगळ्या आहेत. १९७७ च्या कायद्याने माजी सैनिकाचा दर्जा मिळाला. २००९ च्या कायद्याने काँग्रेशनल गोल्ड मेडल, म्हणजे अमेरिकी संसदेचं सोन्याचं पदक, जे प्रत्यक्ष मार्च २०१० मध्ये दिलं गेलं. आणि २०१६ चा कायदा आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीबद्दल.

मुलीला सांगा, या फक्त शिकाऊ विमानं इकडून तिकडे नेत नव्हत्या. पी-५१ मस्टँग, पी-४७, बी-१७, बी-२६, सगळं चालवलं. ॲन बाउमगार्टनरने ऑक्टोबर १९४४ मध्ये राइट फील्डवर बेल कंपनीचं वायपी-५९ हे जेट उडवलं. त्याच साली बी-२९ च्या इंजिनांना आग लागते म्हणून पुरुष वैमानिक बिचकत होते, तेव्हा पॉल टिबेट्सने (हाच पुढे हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक) डोरा डॉहर्टी आणि डोरोथिया जॉन्सन या दोघींना ते विमान शिकवलं आणि तळांवर उडवून दाखवायला पाठवलं. त्यानंतर तक्रारी थांबल्या.

कृष्णाकाठ

नेहाताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचं आहे.

मी साताऱ्याची. माझी सगळी नोकरी माजी सैनिकांची प्रकरणं हाताळणाऱ्या एका कार्यालयात कारकून म्हणून झाली. आमच्या जिल्ह्यात काही गावं अशी आहेत की घरटी एक फौजी. त्यांच्या म्हाताऱ्या बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक गुंडाळून एसटीने यायच्या. नवरा कुठल्या आघाडीवर होता, किती शूर होता, हे त्यांना सांगायचं असायचं आणि आम्ही ऐकायचो. पण टेबलावर विचारलं जायचं ते निराळंच. नाव कोणत्या यादीत आहे? भरती कोणत्या कलमाखाली? सेवा किती, आणि डिस्चार्जचं कारण काय लिहिलंय? या वास्पची हकीकत मी वाचली ती त्याच सवयीने, आणि मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पानावर सापडलं: त्यांची नेमणूक नागरी नोकर म्हणून झाली होती. सैनिक म्हणून नव्हे. पुढची सत्तर वर्षं त्या एका नोंदीशी भांडण्यात गेली.

असं का झालं? घाई. सप्टेंबर १९४२ मध्ये नॅन्सी हार्कनेस लव्ह यांनी डेलावेअरमध्ये विल्मिंग्टनजवळच्या तळावर अनुभवी महिला वैमानिकांची छोटी तुकडी उभी केली; कारखान्यातून निघालेली विमानं तळांवर पोचवायचं काम. दुसरीकडे जॅकलिन कॉक्रन यांनी ह्यूस्टनला नव्या मुलींना लष्करी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. ऑगस्ट १९४३ मध्ये दोन्ही एकत्र करून वास्प झाली. बायकांना हवाईदलात वैमानिक म्हणून घ्यायचं तर संसदेचा कायदा लागणार होता, आणि विमानं तर आज पोचवायची होती. म्हणून आधी नागरी नोकरीवर घेऊ, लष्करात सामावून घ्यायचं नंतर बघू, असं ठरलं. हे ‘नंतर बघू’ मी नोकरीत फार पाहिलंय. ज्यांच्या बाबतीत ते म्हटलं जातं त्यांचं आयुष्य त्यात जातं.

पंचवीस हजारांहून जास्त मुलींनी अर्ज केले होते. १,८३० निवडल्या गेल्या, १,०७४ जणी पास होऊन बाहेर पडल्या. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावाजवळ ॲव्हेंजर फील्ड आहे, तिथे त्यांचं शिक्षण झालं. माझा मुलगा डॅलसजवळ राहतो, त्याच्याकडे असताना आम्ही तिथे जाऊन आलो. जुन्या हँगरमध्ये संग्रहालय केलंय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पवनचक्क्या, थेट आमचं चाळकेवाडीचं पठार वाटावं असं. पहिल्यांदा एकटीने विमान चालवून उतरलेल्या मुलीला मैत्रिणी ज्या दगडी हौदात ढकलायच्या तो हौदही आहे. मुलींना तिथवर स्वतःच्या पैशाने यावं लागायचं. नापास झाली तर घरी परतायचं भाडंही तिचंच. पास झाल्यावर महिना २५० डॉलर, आणि राहण्या-जेवण्याचे पैसे त्यातूनच.

राहणं मात्र पूर्ण लष्करी. कवायत, बराकीची तपासणी, तळावरच्या अधिकाऱ्याचा हुकूम. कामं कोणती? तोफखान्याच्या रंगरुटांना नेम धरायला शिकवायचं म्हणून विमानामागे लांब दोरीने कापडी निशाण ओढत न्यायचं, आणि खालून खऱ्या दारूगोळ्याने त्यावर मारा व्हायचा. दुरुस्त झालेलं विमान धड उडतंय का, हे आधी यांनी उडवून बघायचं. एकूण सहा कोटी मैलांचं उड्डाण केलं त्यांनी.

अडतीस जणी मेल्या. आता नोंदीचं काम बघा. सैनिक कामावर मेला तर त्याचा मृतदेह सरकार घरी पोचवतं, पेटीवर राष्ट्रध्वज असतो, आईबापांना विम्याची रक्कम मिळते. इथे मयत नागरी नोकर. म्हणून बराकीतल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून पेटी घरी पाठवायची, आणि सोबत त्यांच्यातलीच एक जायची. ध्वजाचा अधिकार नाही.

कॉर्नेलिया फोर्टचं नाव मुलीने घ्यावंच. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ही पर्ल हार्बरच्या आकाशात एका शिकाऊ वैमानिकाला शिकवत होती, समोरून जपानी विमान आलं, तिने झटकन विमान वर ओढून टक्कर चुकवली. मार्च १९४३ मध्ये टेक्सासमध्ये मर्केलजवळ दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन ती गेली. मेबल रॉलिन्सन ऑगस्ट १९४३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प डेव्हिसला रात्रीच्या सरावात मेली. विमान पडलं, शिक्षक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला, हिच्या बाजूच्या काचेच्या झाकणाची कडी आतून उघडली नाही.

आणि हेझल यिंग ली. पोर्टलंडची, चिनी आईबापांची मुलगी. रशियाला द्यायची लढाऊ विमानं ती मोंटानातल्या ग्रेट फॉल्सला पोचवत होती. २३ नोव्हेंबर १९४४ ला दोन विमानं एकाच धावपट्टीवर एकाच वेळी उतरली. भाजून दोन दिवसांनी गेली. तीनच दिवसांत तिचा भाऊ व्हिक्टर फ्रान्समध्ये लढाईत मारला गेल्याची तार घरी आली. एका घरात दोन मृत्यू, एक सैनिक आणि एक नागरी नोकर. त्यात दफनभूमीवाले म्हणाले की गोऱ्यांच्या भागात चिनी माणसं पुरता येणार नाहीत. कुटुंब भांडलं आणि त्यांनी दोघांना तिथेच पुरलं.

आता तो ‘नंतर’ आला तेव्हाचं. हवाईदलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड मनापासून यांच्या बाजूने होते. १९४४ मध्ये वास्पला लष्करात सामावून घेण्याचं विधेयक आलं. पण तोवर युद्धाचं पारडं फिरलं होतं, आणि पुरुषांना विमान शिकवणाऱ्या नागरी प्रशिक्षण संस्था बंद होत होत्या. तिथले शिक्षक बेकार होणार आणि त्यांना पायदळात जावं लागणार. त्यांनी संसदेत आणि वर्तमानपत्रांत रान उठवलं, की बायकांमुळे आमची जागा जाते. संसदेच्या नागरी सेवा समितीने विरोधी अहवाल दिला. २१ जून १९४४ ला विधेयक १८८ विरुद्ध १६९ मतांनी पडलं. एकोणीस मतं! दहा जण इकडचे तिकडे झाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्याच डिसेंबरात संघटना बंद केली. ७ तारखेला शेवटच्या तुकडीसमोर आर्नल्ड जाहीर बोलले की स्त्रिया पुरुषांइतकीच चांगली विमानं चालवतात हे आता सिद्ध झालं आहे. २० तारखेला सगळ्यांना घरी पाठवलं. युद्ध संपलेलं नव्हतं. चारच दिवस आधी जर्मनांनी आर्देनच्या जंगलात शेवटचा मोठा हल्ला चढवला होता. कागद गोपनीय शिक्के मारून बंद झाले, आणि तीसेक वर्षं त्यांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

जेवणाची वेळ झाली, १९७७ चं थोड्या वेळाने लिहिते.

पेणकर

ताई, माहिती उत्तम. पण एक शंका मनापासून विचारतो. युद्धात नागरी म्हणून मेलेले लोक काही कमी नव्हते. व्यापारी जहाजांवरचे खलाशी घ्या, पाणबुड्यांनी शेकड्यांनी जहाजं बुडवली. आमच्या कोकणातली माणसंही इंग्रजांच्या जहाजांच्या भट्टीपुढे कोळसा ओढायला होती, त्यातली कित्येक परत आली नाहीत. धोका पत्करला म्हणून सैनिक म्हणायचं तर मग रेघ कुठे मारायची? आकाशात उडणाऱ्यांची गोष्ट देखणी असते म्हणून तेवढ्यांचंच ऐकलं जातं, असं वाटतं.

कृष्णाकाठ

पेणकरदादा, शंका रास्त आहे, आणि हीच शंका १९७७ मध्ये तिकडच्या माजी सैनिकांच्या संघटनांनी घेतली होती. उत्तर त्या कायद्यातच आहे, म्हणून तिथूनच पुढे लिहिते.

१९७६ मध्ये अमेरिकी हवाईदलाने दहा मुलींना वैमानिक म्हणून शिकायला घेतलं. बातमी अशी गेली की देशाची लष्करी विमानं आता पहिल्यांदाच स्त्रिया चालवणार. वास्पच्या बायका तोवर पन्नाशी-साठीला आलेल्या. त्यांनी ते वाचलं, आणि मग मात्र त्या उठल्या. इतकी वर्षं पदकाचं, पेन्शनचं कुणी काही बोललं नव्हतं. पण ‘पहिल्यांदाच’ म्हणजे आपण झालोच नाही, आपल्या अडतीस जणी झाल्याच नाहीत. मला त्यांचा हा राग फार जवळचा वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांतही पैशासाठी आलेली आणि नाव यादीत नाही म्हणून आलेली, या दोघींच्या आवाजात फरक असायचा.

त्यांच्या बाजूला दोन माणसं भक्कम उभी राहिली. एक आर्नल्ड यांचा मुलगा ब्रूस, आणि दुसरे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, जे युद्धात स्वतः विमानं पोचवण्याच्या कामावर होते आणि यांच्याबरोबर उडाले होते. समोर माजी सैनिकांचं सरकारी खातं आणि मोठ्या संघटना. त्यांचं म्हणणं तेच: एकदा या नागरिकांना घेतलं की दर्जाला अर्थ राहणार नाही.

मग पुरावे निघाले. लष्करी न्यायाच्या धाकाखाली काम, गोपनीय कामगिऱ्या, काही उड्डाणांवर कमरेला पिस्तूल. आणि एक कागद असा निघाला की वाचून मी खुर्चीत सरळ बसले. एका वास्पला तिच्या तळावरच्या अधिकाऱ्याने जाताना सैनिकाला देतात तसंच डिस्चार्ज प्रमाणपत्र दिलं होतं. त्यात मजकूर होता की हिने अमेरिकेच्या सैन्यात सन्मानाने सेवा केली. त्या अधिकाऱ्याला तो अधिकार होता की नव्हता, यावर कुणीही वाद घालावा. पण ज्याने तिला रोज काम करताना पाहिलं, त्याच्या लेखी ती सैनिक होती. एवढा साधा कागद तेहतीस वर्षं कुणीतरी जपून ठेवला.

२३ नोव्हेंबर १९७७ ला अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. हेझल लीचा अपघात त्याच तारखेचा, बरोबर तेहतीस वर्षांपूर्वीचा. पहिली डिस्चार्जपत्रं हातात पडली ती १९७९ मध्ये.

आता पेणकरदादा, तुमची रेघ. त्या कायद्याने फक्त वास्पचं नाव लिहून दार लावलं नाही. तशाच इतर गटांची सेवा सैनिकी सेवेसारखी होती का, हे तपासायचा अधिकार त्यात संरक्षण मंत्र्यांना दिला. त्यातूनच पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लष्कराचे टेलिफोन सांभाळणाऱ्या बायकांना दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना १९८८ मध्ये मिळाला, तोही कोर्टात भांडल्यावर. चीनसाठी लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन वैमानिकांच्या गटाला १९९१ मध्ये. म्हणजे या बायकांनी स्वतःसाठी जी वाट पाडली, तिच्यावरून पुढे तुमच्या खलाशांसारखी माणसं गेली. कोकणातल्या खलाशांचं कुणी असं केलं नाही, ही खरी सल आहे, आणि त्यावर तुम्ही इथे स्वतंत्र धागा काढावा असं मला मनापासून वाटतं.

२०१६ चं राहिलं. १९७७ चा कायदा झाला तरी तो लागू कुणावर होता? माजी सैनिकांच्या खात्यावर. आर्लिंग्टनची दफनभूमी मात्र त्या खात्याची नाही, ती सैन्याच्या ताब्यात आहे. २००२ पासून वास्पच्या अस्थी तिथे लष्करी मानाने ठेवू देत होते. मार्च २०१५ मध्ये सैन्याच्या सचिवांनी ते बंद केलं. जागा संपत चालली आहे आणि कायद्यात यांना तिथे हक्क दिलेला नाही, हे कारण. ज्यांच्या टेबलावर फाइल फिरली असेल त्यांना मी ओळखते असं वाटतं. नियम वाचला तर ते चूक नव्हतेच. म्हणूनच नियम बदलावा लागला.

पुढच्याच महिन्यात एलेन हार्मन वारल्या, पंचाण्णव वर्षांच्या. आपल्याला आर्लिंग्टनला ठेवा असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी अस्थी कपाटात ठेवल्या आणि मुलगी व नाती कामाला लागल्या. पावणेदोन लाखांच्या वर सह्या जमवल्या, खासदारांचे उंबरे झिजवले. लढाऊ विमानातून प्रत्यक्ष युद्धात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री मार्था मॅकसॅली तेव्हा प्रतिनिधिगृहात होती, तिने विधेयक मांडलं. मे २०१६ मध्ये ओबामांची सही झाली, आणि ७ सप्टेंबरला एलेनबाईंना तिथे जागा मिळाली. तीही अस्थींच्या भिंतीतली. जमिनीतल्या दफनाचा हक्क यात नाही.

नेहा_कोथरूड

ताई, मुलगी आणि मी दोघींनी एकत्र बसून वाचलं. ती विचारते आहे की १९७७ नंतर त्यांना मागची थकबाकी मिळाली का? आणि भाषण दहाच मिनिटांचं आहे, यातलं काय ठेवू आणि काय सोडू?

कृष्णाकाठ

थकबाकी नाही. कायद्यातच लिहिलं होतं की तो होण्याआधीच्या काळाचा कोणताही लाभ देय नाही. युद्धावरून परतलेल्या पुरुषांना कॉलेजची फी, घरासाठी कर्ज मिळालं, विमान कंपन्यांत नोकऱ्या मिळाल्या, ती वर्षं यांच्या हातून केव्हाच गेली होती. मिळालं ते उतारवयात: सरकारी दवाखान्याची सोय आणि पेटीवरचा ध्वज. मार्च २०१० मध्ये सोन्याचं पदक दिलं तेव्हा हजारावर बायकांपैकी तीनशेच्या आसपास हयात होत्या. दोनशेजणी वॉशिंग्टनला पोचल्या, त्यातल्या किती तरी चाकाच्या खुर्चीतून.

भाषणाचं म्हणाल तर आकडे कमी ठेवा. विमानवेडा यांनी लिहिलेली जेटची आणि बी-२९ ची गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती एका मिनिटात संपवा. सोन्याच्या पदकालाही दोन वाक्यं पुरेत, तो सोहळा होता. हेझल आणि व्हिक्टर या बहीणभावाला वेळ द्या, कारण नोंदीने काय फरक पडतो हे त्या एका घरात लगेच दिसतं. आणि १८८ विरुद्ध १६९ चं ते मतदान सोडू नका. मुलगी एनडीएत जायचं म्हणते आहे ना, मग विमान कसं चालवतात हे तिला तिथे शिकवतील. मतदान कोणत्या कारणाने फिरलं, कुणाची नोकरी जाणार होती आणि कुणी ओरडा केला, हे तिने आत्ताच नीट समजून घ्यावं. स्पर्धा झाली की भाषण इथे टाका, मला वाचायचं आहे.